तिसरा हिस्सा

2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या गाडीला नाव मिळाले ‘जलदूत’. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. घागरीमागे घागर लावून ठेवायची आणि सावली बघून बसायचे. त्या रांगेत बसून मी एक पुस्तिका वाचत होतो. पाण्याने काठोकाठ भरलेल्या गुहांत शिरणाऱ्या पाणबुड्यांसाठी ती लिहिली आहे. शेजाऱ्याने कागद उलटेपालटे करून बघितले आणि विचारले, “सर, हे वाचून तहान भागती का?”

पुस्तिका माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने छापून धाडली होती. नोकरीनिमित्त तो समुद्राकाठी असतो. आधी तारकर्लीला हौस म्हणून बुडी मारली, मग त्याला खोल पाण्याचा नाद लागला. त्याने सोबत एवढेच लिहिले होते, की सर, याचे रसग्रहण करून दाखवा. पोराने माझीच खोड काढली होती. बारावीच्या मुलांकडून मी वर्षानुवर्षे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन मथळ्यांखाली रसग्रहणे लिहून घेतली आहेत. या पुस्तिकेपुढे ते तिन्ही मथळे तोकडे पडले. तरी मी ती चार वेळा वाचली, आणि आजही ती माझ्या मेजावर कवितासंग्रहांच्या चळतीत आहे.

‘बेसिक केव्ह डायव्हिंग: अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ हे तिचे नाव. लेखक शेक एक्सली, साल 1979. अमेरिकेतल्या फ्लोरिडात जमिनीखाली चुनखडीच्या गुहा आहेत आणि त्या गोड्या पाण्याने भरलेल्या आहेत. वरून बघितले तर निळाशार झरा, आत मैलोन्‌मैल काळोख. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे इतकी माणसे मेली, की झरे बंद करून टाकण्याची भाषा सुरू झाली. एक्सली त्या झऱ्यांत पोरवयापासून उतरत आला होता. पेशाने तो शाळेत गणित शिकवणारा मास्तर. ही गोष्ट कळली तेव्हा मला पुस्तिकेची सगळी चाल उमगली.

तिची प्रकरणे दहा, आणि प्रत्येकाची सुरुवात एका खऱ्या अपघाताने होते. आधी मृत्यू, मग धडा. सुरक्षिततेवरच्या एरवीच्या पुस्तकांत आधी नियमांची जंत्री असते आणि भीती घालण्यापुरते एखादे उदाहरण शेवटी चिकटवलेले असते. इथे क्रम उलटा आहे, आणि पुस्तिकेची कला याच क्रमात आहे. माणूस मेलेला आपल्याला ठाऊक असतो. त्यामुळे तो आत किती गेला, हवा किती उरली होती, दिवे किती होते हे तपशील आपण एखाद्या रहस्यकथेसारखे उलट्या दिशेने वाचू लागतो. कुठे चुकले? कुठल्या वळणावर परतता आले असते? नियम येतो तेव्हा तो आपणच शोधून काढला असे वाटते. चांगला गणिताचा मास्तर फळ्यावर उत्तर आधी लिहून रीत मुलांकडून काढून घेतो, तसे हे आहे. भाषा पंचनाम्याची आहे. हळहळीचे शब्द जवळपास नाहीतच. हळहळ लेखकाने वाचकावर सोडली आहे.

मृत्यू असा वाचायची रीत आम्हा लातूरकरांना परकी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला, तेव्हा पहिले दिवस फक्त आकांताचे होते. नंतर अभियंते आले आणि ढिगारे वाचू लागले. माणसे भूकंपाने मेली, हे अर्धेच खरे होते. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, त्यात चिखलाचा गारा, दोन अंगांचे दगड एकमेकांत न गुंतवलेले, आणि वर दरसाल मातीचा थर चढवत नेलेले माळवद. बहुतेकांचा जीव घरानेच घेतला. पुढे नव्या घरांना कोपऱ्यांत आणि चौकटींच्या वर काँक्रीटचे पट्टे घालायला लागले ते त्या वाचनामुळे. एक्सलीने गुहांतल्या अपघातांचे नेमके हेच केले. त्याने ते एकापुढे एक मांडले आणि बघितले, की पुन्हा पुन्हा तीनच कारणे डोके वर काढतात. उघड्या पाण्यापासून अखंड दोरी आत नेलेली नव्हती. परतीसाठी हवा राखलेली नव्हती. खोली झेपण्यापलीकडची होती. पुढे इतरांनी त्यात अपुरे प्रशिक्षण आणि अपुरे दिवे ही दोन जोडली. या पाच गोष्टी आज जगभरचे गुहा-पाणबुडे मुलाखतीच्या उत्तरांसारख्या घोकतात.

दोरीचे कारण आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. आमचे मूळ गाव कंधार तालुक्यातले. तिथल्या विहिरीत मी पोहायला शिकलो ते कमरेला दोर आणि पाठीला रिकामा डबा बांधून. दोराचे दुसरे टोक काठावर चुलत्याच्या हातात. दोर सैल पडला की काकांचा हिसका बसायचा. बुडी मारून तळाची माती आणून दाखवायची पैज लागायची. एकाने तळ ढवळला, की काळ्या मातीचा गाळ वर यायचा आणि पुढच्याला स्वतःचा हात दिसायचा नाही. गुहेत हेच होते, फक्त वर आभाळ नसते. पायातल्या पंखाचा एक चुकार फटका बसला, की क्षणापूर्वीचे काचेसारखे पाणी दुधासारखे होते. मग जी दिशा बोटांना कळते तेवढीच खरी. म्हणून त्या दोरीवर ठिकठिकाणी प्लास्टिकचे छोटे बाण अडकवतात. त्यांचे टोक बाहेरच्या वाटेकडे असते आणि ते अंधारात चाचपून वाचता येते. बोटांनी वाचायची ती लिपी आहे, आणि तिच्यात एकच शब्द आहे: ‘बाहेर’.

आता मी ज्या पानावर सगळ्यांत जास्त रेंगाळलो, तिथे येतो. हवेचा तिसरा हिस्सा.

नियम पाचवीच्या पोराला समजेल असा आहे. सिलिंडरमध्ये 210 बार दाबाची हवा आहे. 70 वापरून आत जा. काटा 140 वर आला, की जिथे असाल तिथून मागे फिरा. 70 परतायला लागेल. उरलेले 70 कशाला? पहिल्या वाचनात मला वाटले, की ही आपली गाठीची शिल्लक, अडीनडीला. दुसऱ्या वाचनात लक्षात आले, की ती आपली नाहीच. ती सोबत्याची. सगळ्यांत आतल्या ठिकाणी, परत फिरायच्या अगदी क्षणी त्याची हवा एकाएकी गेली, तर दोघांना एकाच साठ्यावर बाहेर यायचे आहे, आणि त्याची परत यायची हवा तुम्ही तुमच्या पाठीवर आधीपासून वाहत आहात. त्याच्या पाठीवर तुमची आहे. आमच्याकडे बटईने शेत लावताना पिकाचे हिस्से ठरतात, ते रास खळ्यावर पडल्यावर मोजायचे असतात. इथे हिस्सा पेरणीआधीच वेगळा काढून ठेवायचा आणि तो वापरायची वेळ येऊ नये अशी इच्छा धरायची.

या हिशेबाला एक गाठ आहे, आणि ती सोडवताना गणिताचा मास्तर मला फार आवडून गेला. दोन सोबत्यांचे सिलिंडर सारखे नसतील तर? एकाकडे 2400 लिटर हवा, दुसऱ्याकडे 3600. दुसरा अंगापिंडाने मोठा, श्वासही मोठा. दोघांनी आपापला तिसरा हिस्सा वापरला: पहिल्याने 800, दुसऱ्याने 1200. आता टोकाला दुसऱ्याची हवा गेली. बाहेर यायला दोघांना मिळून 2000 लिटर लागणार, आणि पहिल्याजवळ आहेत 1600. दोघांनीही नियम पाळला आहे आणि तरी दोघांना 400 लिटर कमी पडतात. म्हणून थोराने आपला हिस्सा धाकट्याच्या साठ्यावरून ठरवायचा. 1200 नाही, त्यानेही 800 वरच फिरायचे. ज्याच्याजवळ कमी, त्याच्या मापाने सगळ्यांनी चालायचे, ही गोष्ट मी संतांच्या तोंडून ऐकली होती, पण वजाबाकीने सिद्ध झालेली पहिल्यांदा पाहिली.

शिवाय ही शिल्लक उदार वाटते तेवढी नाही. घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो. एका साठ्यावर दोघे चालताना वेग मंदावतो. तिसरा हिस्सा हा फक्त सगळे नीट घडले तर पुरणारा हिस्सा आहे, म्हणून अनुभवी माणसे अनोळखी गुहेत त्याहून कमी वापरून फिरतात. आणि खोलीचा हिशेब वेगळाच. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर ओढणारा माणूस 30 मीटरवर 80 लिटर ओढतो. जे सिलिंडर वर दोन तास पुरते, ते तिथे अर्ध्या तासात रिकामे. पाणी जितके खोल, तितका श्वास महाग.

दुसऱ्यासाठी हवा वाहण्यावरून आठवले. 2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकला, तेव्हा आपल्याकडे ती बातमी घराघरांत पाहिली गेली. पाणी उपसण्याचा सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले, म्हणून मराठी वर्तमानपत्रांनी ती जास्तच आपुलकीने छापली. त्या बातम्यांत समन कुनान हे नाव येऊन गेले. थाई नौदलातून निवृत्त झालेला हा पाणबुड्या आपणहून आला होता. गुहेच्या वाटेवर इतरांसाठी हवेचे सिलिंडर ठेवून परतताना 6 जुलैला तो गेला. मुले सुखरूप निघाली, आणि आनंदात ते नाव मागे पडले. पुस्तिका वाचलेल्या माणसाला ते मागे टाकता येत नाही.

हवा राखली, पण ती द्यायची कशी? सामानाबद्दल इथून पुढे येते ते बरेचसे 1979 च्या पुस्तिकेत नाही. पुढच्या वीसेक वर्षांत फ्लोरिडातल्या पाणबुड्यांनी तिच्यावर चढवलेले ते भाष्य आहे. पण मूळ ओवी आणि तिची टीका आपण एकत्रच वाचतो, तसे हेही वाचायला हवे.

सिलिंडरातली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरची नळी लांब ठेवायची, सात फूट. तिची सुरुवात पाठीमागच्या उजव्या झडपेपासून. छातीवरून जाऊन मानेमागून वळसा घेत ती तोंडाशी येते. दुसरा, राखीव रेग्युलेटर हनुवटीखाली रबराच्या कंठीत, आखूड नळीचा. सोबत्याची हवा गेली, की त्याला द्यायचा तो राखीव नव्हे. आपल्या तोंडातला काढून द्यायचा आणि स्वतः हनुवटीखालचा घ्यायचा. नवख्याला हे उफराटे वाटते. पण विचार करून बघा. बुडणारा माणूस विचारून घेत नाही, तो तोंडातला ओढतो. आणि तोंडातल्या रेग्युलेटरमधून हवा येते, हे त्या क्षणी खात्रीने ठाऊक असते. राखीव चालतो की नाही, ही शंका देणाऱ्याने आपल्याकडे ठेवायची. सात फूट एवढ्यासाठी, की अरुंद बोगद्यात दोघांना शेजारी पोहता येत नाही, मागेपुढेच यावे लागते.

पाठीवर दोन सिलिंडर जोडलेले असतात आणि वर दोन झडपा. पुढे सरकताना डोक्यावरच्या खडकाला डावी झडप घासली तर ती बंद होण्याच्या दिशेने फिरते, उजवी उघडण्याच्या. म्हणून दान करायची लांब नळी उजवीकडे. हे वाचले तेव्हा मला आजोबांची मोट आठवली. नाडा जाड, सोंदूर बारीक, कुठला कुठून जायचा हे ठरलेले. रात्री पाळीचे पाणी धरताना कंदिलाशिवाय हात बरोबर त्याच दोरावर पडायचा. या मांडणीला पाणबुडे ‘होगार्थियन’ म्हणतात, विल्यम होगार्थ मेन या फ्लोरिडातल्या पाणबुड्याच्या नावावरून. नको ते काढून टाकायचे, काही लोंबकळू द्यायचे नाही, आणि सोबत्याचे व आपले सामान असे सारखे ठेवायचे की अंधारात एकमेकांच्या अंगावर हात फिरवला तरी घरच्यासारखे सापडावे. हौशी माणसाला दोन जास्तीच्या नळ्या म्हणजे दुप्पट सुरक्षा वाटते. इथली नजर प्रत्येक जास्तीच्या वस्तूला विचारते, की तू अडकशील कुठे?

फार खोल जाणारे एकच हवा नेत नाहीत. वेगवेगळ्या मिश्रणांची सिलिंडरे नेतात, आणि सिलिंडरावर मोठ्या अक्षरांत एक आकडा लिहिलेला असतो. 21. किंवा 6. याहून खोल या सिलिंडरातला श्वास घ्यायचा नाही. निम्मा प्राणवायू असलेले मिश्रण 21 मीटरपर्यंत चालते, शुद्ध प्राणवायू फक्त 6 मीटरपर्यंत. त्याखाली तोच प्राणवायू मेंदूवर उलटतो, झटके येतात, तोंडातला रेग्युलेटर सुटतो. नावातच प्राण असलेला वायू प्राण घेतो, हे प्रयोगाने शिकणाऱ्यांत शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन होते. दाबाच्या कोठीत स्वतःला कोंडून घेऊन त्यांनी झटके सोसले, मणका दुखावून घेतला. हेच हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या वडिलांनी, जे. एस. हाल्डेन यांनी, पाणबुड्याने वर येताना कुठे किती थांबावे याची पहिली शास्त्रीय कोष्टके 1908 मध्ये शेळ्यांवरच्या प्रयोगांतून दिली. खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी न्यावा, ही सूचनाही त्यांचीच.

सिलिंडर बदलताना आकडा आधी स्वतः वाचायचा, सोबत्याला वाचू द्यायचा, झडप उघडायची, नळीवरून तोंडापर्यंत हात फिरवत यायचे, मगच तोंडात घ्यायचे. हजार वेळा केले तरी हजार एकाव्यांदा तसेच. परीक्षेच्या सरावाच्या ‘लातूर पॅटर्न’ची रट्टा म्हणून थट्टा करणाऱ्यांनी हे जरूर बघावे. काही गोष्टी समजून भागत नाही, हाताला याव्या लागतात.

पुस्तिकेत मला एक उणीव जाणवते. माणूस तिथे जातोच कशाला, हे ती सांगत नाही. त्या निळ्या काळोखाचे वेड लेखकाला नखशिखांत होते, पण त्याने ते पानांवर सांडू दिले नाही. वेड लिहिले असते तर नियम फिके पडले असते, असे त्याला वाटले असावे. मला ती काटकसर जरा जास्त वाटते. एका वाक्यापुरते तरी त्याने झरा दाखवायला हवा होता.

आणि मग 6 एप्रिल 1994. मेक्सिकोतल्या सकातोन नावाच्या अथांग डोहात हजार फुटांची खोली गाठायला एक्सली उतरला तो परत आला नाही. त्याच वेळी दुसऱ्या दोरीवरून उतरलेला जिम बोडेन वाचला. काही दिवसांनी दोऱ्या वर ओढल्या तेव्हा एक्सलीचा देह दोरीत गुंतलेला आला. मनगटावरच्या यंत्रात खोली नोंदलेली होती, सुमारे 270 मीटर. त्याच्या मृत्यूने पुस्तिका खोटी ठरली, असे म्हणणारे मला भेटले आहेत. मला तसे वाटत नाही. तीन कारणांतले एक खोली होते, आणि ते त्यानेच लिहिले होते.

आता आपल्या विहिरी. नांदेडला गोदावरीच्या घाटावर बुडणाऱ्याला काढायला पोहणारे पुढे होतात, पण विहिरीत पाण्याआधी हवा मारते. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते, मोटार काढायला किंवा गाळ उपसायला एक जण उतरतो. सडलेल्या पाल्याने प्राणवायू खाल्लेला असतो, जड वायू तळाशी साचलेला असतो, किंवा आत उतरवलेल्या इंजिनाचा धूर कोंडलेला असतो. उतरलेला माणूस कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो. मग भावाला काढायला तिसरा. आमचे काका जुन्या विहिरीत कोणी उतरू लागला की म्हणायचे, “आधी कंदील जाऊ दी, मंग तू.” रीत शहाणी होती, पण अपुरी. प्राणवायू घटला की कंदील विझतो हे खरे, पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो जळतच राहतो, आणि मिथेन असेल तर भडका उडतो.

अशी घटना झाली की वर्तमानपत्रात दोन रकाने येतात, शोक व्यक्त होतो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात तेच. तिचे कोणी प्रकरण लिहीत नाही. लातूर-नांदेडच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या माहितीतल्या अशा एकेका घटनेची नोंद करा: विहीर किती परस खोल, पाणी किती, किती दिवस बंद होती, आत इंजिन होते का, कमरेला दोर होता का, दुसरा माणूस का उतरला. हळहळ लिहू नका. मृतांची नावेही नकोत. दहा नोंदी जमल्या की मला कळवा. प्रकरणे पाडायचे काम मी करतो, आणि पहिली छापील प्रत विहिरीवर क्रेन चालवणाऱ्यांच्या हातात देऊ.